चांदण्यांच्या छताचा वाडा

यवतच्या स्टँडवर एस्टीतून उतरताना धनश्रीच्या हातातलं खोगीर निसटलं, ते थेट इंद्रजीतच्या पायावर.

"आई गं! ...घोडा कुठाय याचा?"

"घोडी हाय. ती मागनं चालत येणार. तिला एस्टीत उभं राहायला आवडत न्हाई."

तो हसला आणि दुखरा पाय विसरलाच. नागपूरच्या कंपनी क्वार्टर्समध्ये वाढलेला हा मुलगा भीमथडी घोड्यांचं संग्रहालय काढायला वडिलांच्या गावी आला होता. भीमेकाठचा हा काटक घोडा. लोक मात्र तट्टू म्हणून हसायचे. आपल्या वडिलांचं, आबांचं, जुनं खोगीर संग्रहालयाला द्यायला आलेली धनश्री मग मांडामांडीला रोजच येऊ लागली.

"कुठलं लिहू हे खोगीर?"

"आमच्या वाड्यावरचं."

"वाडा?" इंद्रजीतचा आवाज एकदम अदबीचा झाला. "मोठा असेल ना?"

धनगर मेंढरांच्या फिरत्या मुक्कामाला वाडा म्हणतात, हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. धनश्रीला गंमत वाटली.

"लई मोठा. चारी बाजूंनी वारा खेळतो."

"आणि छत?"

"उंच! चांदण्याच चांदण्या..."

"नक्षी! वा!"

खोटं ती काहीच बोलली नव्हती. पण नजरेला नजर भिडू लागली, तशी ती गंमत तिला बोचू लागली. "तुमच्या वाड्यावर यायचंय... आबांना भेटायला," तो एकदा हळूच म्हणाला, तेव्हा ती नुसती खोगीर पुसत बसली. जीव जडला होता तिचा. मेंढरांमागं फिरणारं घर बघून त्यानं पाठ फिरवली तर?

उद्घाटनाच्या सकाळी मांडव भरला आणि रस्त्यावर धूळ उठली. मेंढरं, कुत्री, मांडलेलं खोगीर बघायला आलेले, तांबडं पागोटं बांधलेले आबा आणि त्यांची चंद्री घोडी. तिच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, कोंबड्यांचं डालगं, वर डोकावणारं कोकरू. मांडवात खसखस पिकली.

"ह्ये तट्टू आलं व्हय उद्घाटनाला?" पुढच्या खुर्चीतले सोपानराव म्हणाले.

धनश्री खांबाआड उभी होती. क्षणभरच. मग ओढणी खोचून ती तरातरा पुढं गेली आणि तिनं चंद्रीचा लगाम धरला.

"तट्टू न्हाई, सोपानमामा. भीमथडी हाय ही!" मग ती इंद्रजीतकडं वळली. "आन् हा... हा आमचा वाडा."

इंद्रजीतनं मांडवाबाहेर येऊन वर पाहिलं. मोकळं आभाळ. चारी बाजूंनी वारा. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो पोट धरून हसला.

"म्हणजे सगळं खरंच सांगत होतात की! एकच विचारायचं राहिलं..." त्याचा आवाज खाली आला, "दार कुठंय?"

"दार न्हाई." तिचे डोळे भरून आले. "ज्याला यायचं त्यानं यावं..."

"मग मी आलो, धनश्री. परत जायचं नाही म्हणून आलो."

तेवढ्यात चंद्रीनं मान लांबवली आणि संग्रहालयाच्या दारात बांधलेली झेंडूची माळ तोडून खायला सुरुवात केली. उद्घाटन झालं! मांडव टाळ्यांनी दणाणला. सोपानरावसुद्धा उठून उभे राहिले.

आबांनी सगळं ऐकलं होतं. इंद्रजीतला नखशिखांत न्याहाळून त्यांनी कोकरू उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"वाड्यात यायचं म्हंजी काम पडतं. नीट धरा, पावनं!"

धनश्री लाजून चंद्रीच्या मानेआड लपली. आबा पावनं फक्त जावयांना म्हणत.