डब्यावरचा झेंडा

"हे ड्रिल मशीन जर्मन म्हणून दिलंय मला!"

जान्हवीनं डबा काउंटरवर असा आपटला की स्क्रूच्या बरण्या खुळखुळल्या. मग तिचं लक्ष गेलं. कालचे म्हातारे दुकानदार हैबतराव तिथे नव्हतेच. मागच्या खोलीतून एक तरुण हात पुसत बाहेर आला होता.

"आबांनी दिलं असंल. मी त्यांचा मुलगा, निरंजन. मागं दुरुस्ती बघतो. बंद पडलं का?"

"चालू आहे. पण डब्यावरचं जर्मन झेंड्याचं स्टिकर मी स्पिरिटनं काढलं. खाली काय छापलंय, वाचा! मेड इन चायना!"

"स्पिरिटनं?"

"इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवते मी. हसताय काय?"

"न्हाई ओ..." तो हसतच होता. त्यानं फळीवरचा दुसरा डबा उघडून स्टिकर नखानं खरवडलं, आणि त्याचं हसू मावळलं. कान लाल झाले. "मला ठावं नव्हतं, मॅडम. उद्या याल? एक गंमत दावतो."

दुसऱ्या दिवशी पेपरवर दोन मशीनं उघडून ठेवली होती. "यातलं जर्मन कुठलं?"

जान्हवीनं भिंगातून तांब्याची कॉइल पाहिली, बेअरिंग फिरवून पाहिलं. वीस मिनिटांनी ठामपणे बोट ठेवलं.

"ते चीनचं."

"शक्यच नाही!"

"एका देशात चांगलं बी बनतं, भंगार बी. आत काय हाय ते बघायचं. आन् पार्ट मिळत्यात का, दुरुस्त करणारा जवळ हाय का..."

"आहे का जवळ?"

"हाय एक. हितंच, पौडात."

तिला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. "मग चांगलं मशीन खरं सांगून विका ना! झेंडे कशाला?"

"आबांना सांगतो."

मग ती मशीनच्या मोटरचे कार्बन ब्रश न्यायला आली. मग भिंतीत भोक पाडायचं बिट न्यायला. मग नको असलेलं आणखी एक बिट न्यायला... दर वेळी चहा यायचा, गप्पा लांबायच्या, आणि जाताना ती फळीकडे पाहायची. झेंडे तसेच.

"सांगितलंत?"

"सांगतो..."

महिन्याभरानं हैबतरावांनीच तिला गाठलं. "बाई, सारख्या येताय म्हून इचारतो. गाव कुटलं तुमचं?"

"वाशीम."

"लई लांब की! आमच्या घरात सून मावळातलीच येती. आदीच सांगितलेलं बरं."

जान्हवीनं निरंजनकडे पाहिलं. तो मान खाली घालून स्क्रू मोजत होता.

"वा!" तिचा आवाज चढला. "मशीनवर खोटा देश चिकटवायचा, आणि माणसाचं मात्र खरं गाव विचारून त्याला नापास करायचं! आणि तुम्ही, निरंजन... तुमची तर 'सांगतो' ही एकच ओळ पाठ आहे!"

ती ताडताड स्टँडवर आली. तिच्या खोलीकडे, पिरंगुटला जाणारी एसटी लागलेली होती. खिडकीशी बसली तरी ती धुमसतच होती. राग हैबतरावांचा नव्हताच फारसा. त्या खाली घातलेल्या मानेचा होता.

ड्रायव्हर चढला तेवढ्यात खिडकीखाली धापा ऐकू आल्या.

"सांगितलं!" निरंजन म्हणाला. "झेंडे फाडून टाकले. आबा म्हणले, गिऱ्हाईक फिरकायचं न्हाई. म्हणलं, मी समजावीन एकेकाला. आन्... दुसरं बी सांगितलं."

"दुसरं काय?"

"का लगीन करीन तर वाशीमच्या मॅडमशीच. आबा अजून बोंबलत्यात तितं."

आख्खी एसटी खिडक्यांतून डोकावू लागली. जान्हवीचे डोळे पुन्हा पेटले.

"सगळ्यांना सांगून झालं? आणि मला? मला कुणी विचारलं?"

"त्येच इचारायला पळत आलोय..."

कंडक्टरनं बेल मारली. जान्हवी दणदण पायऱ्या उतरली. एसटी धूळ उडवत निघून गेली.

"पुढची तासाभरानं आहे," पर्स छातीशी धरून ती म्हणाली. "तोवर नीट विचारा. धाप न लागता."