आतून लावलेली कडी

दार लोटून घ्या रे, आणि मध्ये कुणी खिदळू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो सुतार माझा चाळीस वर्षांचा दोस्त. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. माणूस सरळ, पण चिकट. रंध्याखालचा भुसासुद्धा फुकट जाऊ द्यायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याला नात झाली. सातव्याच महिन्यात. एवढीशी, मूठभर. डॉक्टरांनी सुनेला बजावलं, हिची खोली गार पडता कामा नये. मुलगा नोकरीपायी लांब, विजेचा भरवसा नाही. म्हणून मिस्त्रीनं खोलीत लोखंडी शेगडी बसवली, धुराची नळी बाहेर काढली आणि मागच्या अंगणात सरपणाची शेड बांधायला घेतली. खाली विटांचा थर, वर उतरता पत्रा. फळ्याफळ्यांत बोटभर फट, म्हणजे वारा खेळतो आणि लाकूड सुकतं. चार दिवसांत काम उरकलं. राहिलं होतं फक्त दार.

"नवीन करा की," बायको म्हणाली.

"घरात दार पडलेलं असताना?"

कोणतं दार ते तिला ठाऊक होतं.

मिस्त्रीच्या वडिलांच्या खोलीचं दार होतं ते. म्हातारा झोपताना आतून कडी लावायचा, कितीही सांगा, ऐकायचा नाही. सहा वर्षांपूर्वी अशाच थंडीत तो रात्रीत गारठून गेला. सकाळी पहार घालून दार उघडावं लागलं, तेव्हा कडी वाकली ती वाकलीच. पुढे सरकेना, मागे सरकेना. मिस्त्रीनं दार तसंच शेडला लावलं. म्हणाला, असेना का, सरपणाला कोण आतून कडी लावतंय?

एक गोष्ट मात्र त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. त्या रात्री ती माहेरी होती. मधल्या भिंतीवर म्हाताऱ्यानं काठी वाजवली होती. तीनदा. शेगडी विझलीय, लाकडं दे, हा त्याचा अर्थ. मिस्त्री जागा होता. गोधडीतल्या गोधडीत पुटपुटला, "सकाळी बघू." आणि कूस बदलून झोपला.

तर जानेवारीची सतरा तारीख. शुक्रवार. वीज दहालाच गेली होती, आणि शेगडी लाकडं दुपटीनं खात होती. दोन वाजून वीस मिनिटांनी बायकोनं त्याला हलवलं. "अहो, शेवटचं लाकूड घातलंय. घेऊन या चार."

बॅटरी घेऊन तो मागे गेला. थंडी अशी, की दात वाजत होते. त्यानं शेडचं दार ओढलं.

उघडेना.

दवानं फुगलं असेल, म्हणून पाय लावून ओढलं. दार हललं, आणि आत लोखंड वाजलं. त्यानं फटीतून बॅटरी मारली.

कडी लागलेली होती. आतून.

शेड त्यानं त्याच दिवशी उंबऱ्यापर्यंत भरली होती. आत मांजर शिरायला जागा नव्हती. दार कुणी लावलं? घरातून पोरीचं रडणं येत होतं, बारीक... आणि आणखी बारीक होत चाललेलं.

काय करावं सुचेना. हात आपोआप उठला. त्यानं दार वाजवलं.

एकदा. दोनदा. तीनदा.

आत काहीतरी करकरलं. लाकूड नव्हे. खाट. कुणीतरी कूस बदलली. मग आवाज आला, झोपेतला, जड...

"सकाळी बघू."

आवाज वडिलांचा. शब्द त्याचे स्वतःचे.

मिस्त्री मला म्हणाला, पळालो असतो रे. पाय उचललाही होता. तेवढ्यात घरातून बायकोची हाक आली, "अहो, पोरीचे हात गार पडले..."

तो परत फिरला. दारावर कपाळ टेकलं.

"बाबा... मी ऐकलं होतं. त्या रात्री. जागा होतो मी."

काही नाही.

"मला काय करायचं ते करा. तिला नको."

काही नाही... रडणंही थांबलं होतं.

मग, खट्ट.

दार आपसूक बोटभर पुढे आलं. आत उंबऱ्यापासून पत्र्यापर्यंत लाकडंच लाकडं, रचली होती तशी. त्यानं हाताला लागेल ते कवटाळलं आणि धावत सुटला. शेगडी पेटली. अर्ध्या तासानं पोरीनं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. ते ऐकून मिस्त्री भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. आज ती पोर धरून धरून उभी राहते, हातात येईल ते फेकते.

उजाडल्यावर तो एकटाच शेडकडे गेला. दार सताड उघडं होतं. पत्र्यावर दहिवर गोठलं होतं. दाराचे खिळे हाताला चटका बसावा इतके गार.

पहारीनं वाकलेली ती कडी सरळ झाली होती. त्यानं हळूच बोट लावलं.

कोमट होती... कुणी नुकताच हात काढल्यासारखी.