मुलाखतीतली रिकामी खुर्ची

सायखेड्याच्या योगिनीला द्वारका चौकातून जाताना आजही हसू येतं. सहा वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, तिथेच रिक्षातून उतरताना तिची पिशवी उसवली आणि बाटल्यांची रंगीत झाकणं रस्ताभर पळाली. बालवाडीतल्या मुलांना मोजायला शिकवायची झाकणं ती! एक उंच तरुण हॉर्नच्या कलकलाटात वाकून वाकून ती गोळा करू लागला. शेवटचं झाकण त्याने तिच्या हातात ठेवलं आणि ती सवयीने बोलून गेली, "शाब्बास! शहाणं माझं बाळ ते!"

तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"बाळाचं नाव आल्हाद," तो म्हणाला. "आणि… बाई कुठल्या शाळेच्या?"

ती उत्तर न देताच पळाली. तासाभराने बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणवर्गात फळ्यापाशी तोच उभा!

मग शनिवारांमागून शनिवार गेले. तो शिकवायचा, मुलाला आधी बोलू द्यावं, मग लिहायला लावावं. ती विचारायची, "सर, तुमच्या पुस्तकातली पोरं रडत नाय वाटतं?" सगळ्या बायका हसायच्या. तोही हसायचा… तिच्याकडे बघत. बाकी सगळ्यांना तो ताई म्हणायचा, तिला मात्र योगिनी मॅडम. चहाच्या सुट्टीत तिच्या वर्गातल्या गमती विचारून वहीत उतरवायचा. बालवाडीतल्या आठ वर्षांत तिच्या कामाबद्दल इतकं कुणी विचारलंच नव्हतं. फार गोड दिवस होते ते.

पण जिवाला घोरही होता. जूनपासून पदविका नसलेल्या बाईंना ठेवायचं नाही, असं तिच्या संस्थेने ठरवलं होतं. पदविकेची फी तिच्या आवाक्याबाहेरची. प्रशिक्षण देणाऱ्या ट्रस्टची एकच शिष्यवृत्ती होती, आणि तिची मुलाखत मार्चमध्ये.

मुलाखतीच्या दिवशी ती आत गेली. टेबलामागे तिघं, मधे आल्हाद. तिला हायसं वाटलं… तेवढ्यात तो शेजारच्या अंजली मॅडमना काहीतरी पुटपुटला आणि तिच्याकडे न पाहता उठून गेला.

योगिनीला राग आला. त्या रागातच ती भडाभडा बोलली – गावच्या नदीला, गंगेला पूर आला तेव्हा देवळात भरवलेली बालवाडी, महिनाभर गप्प राहून एक दिवस अचानक "बाई, चिमणी!" म्हणालेली सृष्टी… सगळं सांगितलं.

बाहेर जिन्यात आल्हाद उभा होता.

"एवढी नावडती होते, तर आधी सांगायचं सर!"

"नियम आहे. उमेदवार आपलं माणूस असेल, तर परीक्षकाने उठायचं."

"मी कधी झाले तुमचं माणूस?"

"ते… मलाही आजच कळलं. तुम्ही दारातून आलात आणि एकही प्रश्न न विचारता मी दहापैकी दहा लिहून बसलो."

तिच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. तरी ती म्हणाली, "मग राहू द्यायचे ना ते गुण! मला लय गरज होती."

"माहितीये. पण उद्या लोक म्हणाले असते, त्याने मिळवून दिलं. तुमच्या आठ वर्षांवर माझं नाव नको होतं."

डोळे पुसत ती जिना उतरली.

आठवड्याने यादी लागली. उरलेल्या दोघा परीक्षकांच्या गुणांवर योगिनीची निवड झाली होती. तिने आधी आईला सांगितलं, मग त्याला फोन लावला.

"सर, निकाल लागला. आता मी समोर आले, की उठून जायचं नाय… कधीच."

"नाही जाणार," तो म्हणाला. अजून गेलेला नाही.