अण्णांच्या छातीतली दोन दुखणी

"अहो डॉक्टर, माणूस आजारी आहे का गड चढायला आलाय?"

सोलापूरच्या दवाखान्याच्या जिन्यात मी एका अनोळखी तरुण डॉक्टरवर खेकसले. माझे वडील, तुळजापूरचे पुजारी गोपाळकृष्णअण्णा, धापा टाकत पायऱ्या चढत होते, आणि हा बाबा नाडी धरून त्यांच्या मागं मागं!

"ऑपरेशनआधी त्यांचा दम बघतोय," तो म्हणाला. "तुमचा तर भरपूर दिसतोय..."

वर हसला मेला! माझा राग कुठं पळाला कोण जाणे. भूल देणारे डॉक्टर मल्लिनाथ ते हेच, उमरग्याकडचे.

अण्णांना दोन कॅन्सर होते. एक अन्ननलिकेत, एक फुप्फुसात, दोन्ही वेगवेगळे उपजलेले. दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या, आणि इकडं अण्णांच्या घशाखाली पेजसुद्धा नीट उतरेना. मुंबईचे मोठे सर्जन इथं येऊन, एकदाच छाती उघडून दोन्ही काढणार होते.

"दोनदा चिरलं तर अण्णांना झेपायचं नाही," मल्लिनाथनं समजावलं. "घाबरलात?"

"मी? छे!"

"मग पदराला एवढे पीळ कशाला?"

मी पदर सोडला... नि लगेच पुन्हा धरला. तो तिथंच माझ्याशेजारी उभा राहिला. लई बरं वाटलं.

ऑपरेशनच्या सकाळी अण्णांना आत न्यायला लागले, तर त्यांच्या मिशीला दही!

"मावशी, काय दिलंस?"

"देवीचं पंचामृत की गं," सोबतीला आलेली केशरमावशी म्हणाली. "तुळजापूरहून आणलंय. तीर्थ हाय ते, खाणं न्हाय!"

उपाशीपोटी ठेवा म्हणून मल्लिनाथनं दहादा बजावलं होतं. सांगावं, तर सर्जन संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. पुन्हा कधी येणार? तोवर अण्णा राहतील? पण मी स्ट्रेचरमागं धावले नि सांगून टाकलं.

मल्लिनाथनं स्ट्रेचर थांबवलं. सर्जन कडाडले, "माझ्याकडं वेळ नाही!"

"सर, ते पंचामृत अन्ननलिकेत अडकलेलं असणार. भूल दिली की श्वासात जाईल. आज मी भूल देणार नाही." आवाज चढला नाही, पण पाऊलही मागं सरलं नाही. "तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, सर. उद्यापर्यंत थांबा... विनंती आहे."

सर्जन थांबले! दुसऱ्या दिवशी एकाच वेळी दोन्ही कॅन्सर काढले. दिवसभर मल्लिनाथ अण्णांच्या उशाशी श्वास सांभाळत बसला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल झालेले.

"अण्णा सुखरूप आहेत," एवढंच म्हणाला. त्या घटकेला मी त्याची झाले.

मग एके दिवशी अण्णांना पहिल्यांदा तोंडानं खायला द्यायची वेळ आली. मल्लिनाथनं स्वतः चमचाभर पेज भरवली. आम्ही सगळे अण्णांच्या गळ्याकडं बघत राहिलो.

"उतरली..." अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "उतरली गं, वनमाला!"

मला रडू फुटलं, आणि रडता रडता सगळ्यांसमोर तोंडातून निघून गेलं, "डॉक्टर, मला तुम्ही लई आवडता हो!"

मावशीनं कपाळाला हात लावला. मल्लिनाथचा चमचा हवेतच थांबला, कान लालबुंद.

"मला... मला पण," तो कसाबसा म्हणाला, आणि भीत भीत अण्णांकडं वळला.

अण्णांनी तोंड उघडलं.

"ते लग्नाचं आपण बोलू, जावईबापू. आधी पेज भरवा. भूक लागलीय मला."