उरलेला दोरा

मार्चच्या पहिल्या सकाळी अतिदक्षता कक्षाच्या दारात यासेन आणि परिचारिका रालित्सा एकमेकांवर आदळले, आणि यासेनच्या हातातले लाल-पांढरे दोरे फरशीवर सांडले. त्यांच्याकडे या दिवशी आपल्या माणसांच्या मनगटावर आरोग्याचे दोरे बांधायचा रिवाज होता; बहिणीला, मेहुण्याला, काचेच्या पेटीतल्या इवल्या भाचीला ते बांधायला तो आला होता. एक जास्तीचा होता… तो त्याने या अनोळखी परिचारिकेपुढे धरला.

"इथे कोपराखाली काहीच बांधायचं नाही. जंतू येतात," ती म्हणाली. "अंगठीसुद्धा नाही."

"अंगठीचं मी कुठे काढलं?"

मास्कआड ओठांचं कळलं नाही. डोळे मात्र हसले.

भाची नेवेना फार लवकर जन्मली होती. मध्येच श्वास घ्यायलाच विसरायची. श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र ओरडलं की तिची आई तेमेनुगा भिंतीला चिकटायची. लेक हातात दिली तरी हात मागे घ्यायची. आणि ते हात धजावल्याशिवाय बाळाला घर दिसणार नव्हतं. रालित्साने बापाला, क्रुमला, औषधाचे थेंब मोजायला शिकवले. यासेनकडून घरातली धुराची शेगडी काढवून घेतली.

"हुकूम सोडायला छान जमतं तुम्हाला," तो म्हणे.

"तुम्हाला ऐकायला," ती म्हणे… आणि दोघंही उगाच बाळाकडे बघत.

एका दुपारी यंत्र ओरडलं. यासेन धावला, तशी एका हातात प्राणवायूचा मास्क सज्ज ठेवून रालित्साने दुसऱ्याने त्याचं मनगट धरलं. "थांबा. तिला करू दे."

तेमेनुगा भिंत सोडून पुढे झाली. शिकवल्यासारखं तिने बाळाच्या तळव्यावर बोट घासलं… पुन्हा घासलं. नेवेना दचकली, रडली. आई तिच्याहून मोठ्याने रडली. यासेनचं धरलेलं मनगट सोडायचं रालित्साकडून राहूनच गेलं.

त्यानंतर यंत्र गप्प झालं, ते गप्पच राहिलं. बाळ घरी निघालं तेव्हा रुग्णालयाच्या फाटकाजवळचा आलुबुखार पांढराशुभ्र फुलला होता. झाड फुललं की मनगटावरचा दोरा सोडून फांदीला बांधायचा, असा रिवाज. मनगटांवर न बांधताच राहिलेले तिन्ही दोरे क्रुमने थेट फांदीलाच बांधले. यासेनने खिशातला चौथा काढला.

"उशीर झाला," तो पुटपुटला. "आता हाही झाडाचाच…"

साध्या कोटातल्या रालित्साने बाही वर सारली. "माझी ड्यूटी संपलीय. बांध."

गाडीत तेमेनुगा बाळाच्या तळव्याशी बोट धरून बसली होती. बाळ आपलं आपण श्वास घेत होतं.

यासेनला गाठ जमेना. "आणि अंगठी—?"

"आधी हात थरथरायचा थांबव," ती हळूच म्हणाली. "मग विचार."