बाप्तिस्म्याआधी सांगितलेलं नाव

ही गोष्ट रचलेली नाही. पटली नाही तर सोडून द्या. पण मिर्सीनी माझी मावसबहीण आहे, ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटाच्या बंदरावर तिचं घर आहे, आणि दक्षिणेचा वारा सुटला की ती आजही समुद्राकडच्या खिडक्या लावून घेते.

उकडून जीव गेला तरी.

तीन वर्षांपूर्वीची, ऑक्टोबर संपतानाची ती संध्याकाळ.

मिर्सीनीचा नवरा पांडेलिस उन्हाळाभर रोड्स बेटावरून पर्यटकांना शिडाच्या होडीतून फिरवतो. हंगाम संपला की होडी घरी आणायची आणि हिवाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून घ्यायची. तो परतीचा प्रवास म्हणजे दोघांची सहल. वाटेत सिमी, तिलोस, निसिरोस ही बेटं... बंदरं ओस, खानावळींच्या खुर्च्या उलट्या टाकलेल्या.

त्या वर्षी दोघांचे तिघं झाले होते. सोबत आठ महिन्यांची छकुली होती.

छकुलीच म्हणायचे, कारण तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता. पाद्रीच्या तोंडून निघेपर्यंत आमच्याकडे बाळाचं नाव कुणी उच्चारत नाही. ठाऊक सगळ्यांना असतं. पहिली मुलगी, म्हणजे सासूचं नाव. सेवास्ती. सासूबाईंनी तर गळ्यातला क्रॉससुद्धा घडवून ठेवला होता.

मिर्सीनी मात्र छकुली शिंकली तरी दचकायची.

"श्वास घेतेय ती," पांडेलिस सुकाणूवरून ओरडायचा. "तूच घेत नाहीयेस!"

निसिरोस मागे पडलं आणि वारा फिरला.

दक्षिणेचा वारा. लाटा होडीच्या पाठीवर चढायला लागल्या. पांडेलिसची थट्टा थांबली, तेव्हाच मिर्सीनी समजली. समोर एक ओसाड बेट होतं. नुसत्या बकऱ्यांचं. त्याच्या आडोशाला लहानशी खाडी, दगडी धक्का, आणि वर एकच घर. दारं-खिडक्या बंद असलेलं.

आणि धक्क्यावर एक म्हातारी.

"देव पावला," पांडेलिस म्हणाला. त्यानं होडीची पाठ धक्क्याकडे वळवली आणि दोर फेकला.

आमच्या समुद्रावर हे असंच चालतं. धक्क्यावर जो असेल तो तुमचा दोर धरतो. ओळख लागत नाही. आणि ज्यानं दोर धरला, त्याला मग तुम्ही कशाला नाही म्हणत नाही.

म्हातारीनं दोर झेलला. वाकून बांधला.

वाऱ्यानं पांडेलिसची टोपी उडवून नेली...

म्हातारीच्या डोक्यावरचा काळा रुमाल हललासुद्धा नाही.

"मुलगी ना गं?" तिनं विचारलं.

"हो, मावशी."

"नाव काय?"

"अजून बाप्तिस्मा नाही झाला, मावशी."

"ठरलं तर असेल की! मी कुणाला सांगणार आहे? इथं आहे कोण?"

मिर्सीनीला नाही म्हणवेना. हिनं आपला दोर धरला. आपण वाचलो.

"सेवास्ती," ती हळूच म्हणाली.

म्हातारीनं ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवलं. एकदा... दोनदा... तीनदा. मग बंद घराकडे चालू लागली.

सूर्य टेकला होता. टेकडीवर बकऱ्यांच्या घंटा किणकिणत होत्या.

त्या एकदम थांबल्या.

मिर्सीनीनं खाली पाहिलं. छकुली रडत होती. चेहरा लालबुंद, तोंड उघडं, गालांवर पाणी...

आवाज नव्हता.

"पांडेलिस! अरे, हिचा आवाज..."

"गप्प आहे तर बरंच आहे ना? सकाळपासून किरकिर..."

तो बोलता बोलता थांबला.

वरून, त्या बंद घरातून, बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

कुठल्याही आईला आपल्या लेकराचं रडणं कळतं. तेच अडखळणं. तीच शेवटची उचकी.

तिची छकुली. तिथं.

आणि मांडीवर छकुली, आवाजाशिवाय.

"मी जातो वर," पांडेलिस म्हणाला. धक्क्यावर उडी मारायला त्यानं पाय उचलला... आणि तसाच थांबला.

दोर धक्क्याला बांधलेलाच नव्हता. तो होडीपासून सरळ खाली पाण्यात गेला होता.

ताठ.

आणि होडीची पाठ हळूहळू खाली ओढली जात होती.

छकुलीचे ओठ निळे पडायला लागले. मिर्सीनीनं तिला पालथं घातलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. काही होईना. "माझं चुकलं," ती घराकडे बघून ओरडली. "मला ने! हिला सोड, मला ने!"

वरचं रडणं आणखी मोठं झालं.

आणि तिला आठवलं. बाळाचा जीव जात असेल आणि पाद्री जवळ नसेल, तर कुणीही त्याला तीनदा हवेत उचलून बाप्तिस्मा देऊ शकतो. आजीनं सांगितलेलं.

"उचल हिला!" तिनं बाळ पांडेलिसच्या हातात कोंबलं. "बाप्तिस्मा दे! आत्ता!"

त्यानं छकुलीला डोक्यावर उचललं. "देवाची ही लेक... से..."

मिर्सीनीनं त्याच्या तोंडावर हात दाबला.

"ते नाही! ते नाव नको!"

"मग कुठलं?"

तिला एकही नाव सुचेना. समोर जीवरक्षक कड्यावर रंगवलेलं होडीचं नाव तेवढं दिसत होतं.

"आर्गिरो!"

पित्याच्या नावानं. पुत्राच्या. पवित्र आत्म्याच्या.

तिसऱ्यांदा वर गेली तशी छकुलीनं किंकाळी फोडली. पांडेलिसनं सुरीनं दोर कापला, तो सपकन पाण्यात गेला. उरलेल्या उजेडात, त्या लाटांत, ते तसेच बाहेर पडले.

दिलेला बाप्तिस्मा बदलत नाही. चर्चमध्ये तेच नाव कायम झालं. सासूबाई वर्षभर बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा म्हणाल्या, "माझ्या नातीला होडीचं नाव! आता नातू झाला की नांगराचं ठेवा."

इथवर सगळं निभावलं असं आम्हीही धरून चाललो होतो.

मागच्या ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे जेवायला होते. गॅलरीत बसलो होतो, ऊन उतरत होतं. आर्गिरो आजीशेजारी भात खात होती. वारा फिरला. दक्षिणेचा...

समुद्रावरून कुणीतरी हाक मारली.

"सेवास्ती..."

मीही ऐकली.

"कोण गं मला बोलावतंय?" सासूबाईंनी मान वर केली.

आर्गिरोनं चमचा खाली ठेवला. खुर्चीवरून उतरली. कठड्यापाशी गेली.

"आले," ती म्हणाली.

मिर्सीनीनं झडप घालून तिचा दंड धरला. तिला आत नेलं, खिडक्या लावल्या, आणि स्वयंपाकघरात मला घट्ट धरून ती जे बोलली, ते तिनं पांडेलिसलाही कधी सांगितलेलं नाही.

"आम्ही निघालो ना तिथून... ही माझ्या कुशीत रडत होती. मोठ्यानं. पण त्या घरातलं रडणंही थांबलं नव्हतं गं. खाडी दिसेनाशी होईपर्यंत ऐकू येत होतं."

बाहेरच्या खोलीत आर्गिरो समुद्राकडच्या बंद खिडकीची काच आतून वाजवत होती.

"मग तिथं आम्ही कुणाला ठेवून आलो?"