मागची सीट

तो मधला ट्यूबलाइट बंद करा रे, डोळ्यांवर येतोय. वायरलेसचा आवाजही थोडा कमी करा, काही असलं तर आपोआप बोंबलेल तो. चहा आत्ताच ओतून घ्या. एकदा सुरू केलं की मध्ये उठलेलं मला चालत नाही.

संध्याकाळी चौकात तू त्या पोराच्या कानाखाली आवाज काढलास, ते मी जिन्यातून बघितलं. नाही, त्यावर काही बोलत नाही मी. तुम्ही शिकून-सवरून आलेले लोक, आम्ही म्हाताऱ्यांनी काय शहाणपण शिकवायचं? रात्र काढायची आहे, म्हणून आपलं एक सांगतो. आणि गोष्ट नाही ही. ज्याच्या बाबतीत घडलं तो याच ठाण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. बरंचसं त्यानंच मला सांगितलं, इस्पितळाच्या खाटेवरून. उरलेलं मी बघितलेलं आहे.

सगळं गाव त्याला कानफाटे हवालदार म्हणायचं. आडनाव नव्हतं ते, कमाई होती. माणूस कामाला खमक्या. चोराच्या मागे भिंतीवरून उडी टाकेल, बंदोबस्ताला उपाशी उभा राहील. घरी मात्र बायकोनं नुसतं 'अहो' म्हटलं तरी खुर्चीतून उठायचा. पण मिसरूड फुटलेलं पोरगं समोर आलं की याचं डोकं फिरायचं. दुकानदाराशी गोड, पुढाऱ्यापुढे वाकून, आणि पंधरा-सोळाचं पोर दिसलं की आधी गाडीची चावी उपटायची, मग विचारायचं, ''नाव?'' पोरानं नाव सांगितलं आणि पुढे 'साहेब' लावायला विसरलं, की बसलीच. वर म्हणायचा, ''मान द्यायला घरी शिकवलं नाही ना, मी शिकवतो.'' मान म्हणजे काय ते त्याला एवढंच ठाऊक होतं, की समोरच्याची मान खाली पाहिजे.

एका रात्री कालव्याच्या रस्त्यावर, तो लहान पूल आहे ना, तिथे त्यानं दोन पोरं अडवली. हेल्मेट नाही, लायसन्स नाही, एकाच्या घरी अभ्यास करून परत चाललेली. गाडी चालवणारा पोरगा हडकुळा, उंच. त्या पोराचं एक होतं. घाबरला की त्याला हसू यायचं. जन्मापासून तसाच. परीक्षेच्या वर्गात हसायचा, सुई बघून हसायचा. आजोबा गेले तेव्हा चार माणसांत हसला, म्हणून आईनं पाठीत धपाटा घातला, आणि मग तीच त्याला पोटाशी धरून रडली होती.

''नाव?''

पोरानं नाव सांगितलं. साहेबही म्हणाला. पण तोंडभर हसत.

''हसतोस?'' बसली एक. आता कानाखाली बसल्यावर भीती वाढणार की कमी होणार? पोराचं हसू वाढलं. दुसरी बसली. मागचा मित्र रडकुंडीला येऊन हात जोडत म्हणाला, ''साहेब, मुद्दाम नाही करत तो. भीती वाटली की होतं त्याचं असं. खरंच सांगतो.''

ऐकलं ना त्यानं. स्वच्छ ऐकलं. आणि म्हणाला, ''मग रडायला शिकवतो.''

पुढचा हात असा पडला, की पोरगं उलटं फिरून पुलाच्या दगडी कठड्यावर डोकं आपटून पडलं. इस्पितळात नेईपर्यंत खेळ संपला होता. कानफाटेनं सांगितलं, पोलीस बघून गाडी पळवली, घसरली, पडला. बरोबरचा शिपाई मूग गिळून बसला. राहिला तो एक मित्र. पोराच्या आईनं उंबरठे झिजवले, वरपर्यंत गेली, तेव्हा कुठे बाहेरचे साहेब चौकशीला आले. सोमवारी त्या मित्राचा जबाब ठरला. पोरगं खरं बोललं तर कानफाटे आत. डगमगलं तर मेलेला पोरगाच कायमचा गुन्हेगार. सगळं त्या एका सोळा वर्षांच्या जिभेवर होतं.

म्हणून शनिवारी रात्री, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, साडेअकराच्या सुमाराला, कानफाटे त्या मित्राला समजावायला निघाला. आपल्याकडे समजावणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

निघाला तो पक्का पोलिसासारखा निघाला. मोबाइल उशाशी चार्जिंगला लावून ठेवला. कोण कुठल्या टॉवरखाली होता यावरून आपण किती जणांना उचललंय, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत? ओळखपत्र कपाटात. अंगात साधा शर्ट, डोक्याला-मानेला मफलर. तो त्या रस्त्यानं गेलाच नव्हता, असं सगळं चोख केलं. बायकोला म्हणाला, ''जरा पाय मोकळे करून येतो.''

''गाडीवर बसून?'' ती म्हणाली.

त्यानं किक मारली.

रस्ता नेहमीचाच. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला शेतं. थंडी मी म्हणत होती. पोराला काय बोलायचं ते तो मनाशी घोळवत होता. आधी गोडीनं. मग बापाच्या नोकरीचा विषय. मग नाहीच ऐकलं तर आहेच. त्याला वाईटबिईट काही वाटत नव्हतं, हे त्यानंच मला सांगितलं. वाटत होता तो फक्त राग. एक कारटं मरतं काय आणि आपल्या पेन्शनवर उठतं काय.

लहान पूल आला. तिथे रस्ता खचलाय, वेग कमी करावाच लागतो. त्यानं गिअर खाली टाकला, आणि गाडी मागून बसली. कुणी मागे बसलं की शॉकअप कसे दबतात, हँडल हलकं कसं होतं... तसं. त्याला वाटलं, गेलं चाक. उतरला. दाबून बघितलं. टायर टणक.

पुन्हा बसला. निघाला. गाडी दबलेलीच.

पूल मागे पडला. त्यानं वेग वाढवला. मागचं ओझं वळणावर त्याच्याबरोबर कलायचं. सरळ रस्त्याला सरळ व्हायचं. सवयीनं बसणारा माणूस बसतो, अगदी तसं. त्यानं मागे वळून बघितलं नाही. मला म्हणाला, ''काका, चोरांच्या मागे काळोखात धावलोय मी. पण मान वळेना.''

मग मानेवर श्वास लागला.

मफलर होता मानेला. तरी लागला.

गार नाही. गरम... माणसाचा असतो तसा. थोडा धापा टाकल्यासारखा. आणि मग त्याच्या कानापाशी, अगदी हळू, कुणीतरी हसलं.

मोठ्यानं नाही. दाबून धरलेलं हसू सुटतं ना... तेवढंच.

त्यानं आरशात बघितलं. आरशात मागे कुणी नव्हतं. नुसता काळोख. पण आरशात त्याचं स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते हसत होतं.

तो हसत नव्हता. भीतीनं घाम फुटला होता. पण तोंड हसत होतं. दातांना वारा लागत होता. त्यानं ओठ मिटायचा प्रयत्न केला. मिटेनात. डाव्या हातानं तोंड दाबलं. हाताखाली गाल वर चढलेले... तसेच.

आता मात्र त्याची पाचावर धारण बसली. जितका घाबरला तितकं तोंड फाकलं. कुठला साक्षीदार आणि कुठलं समजावणं. त्यानं गाडी गर्रकन वळवली आणि घराच्या दिशेनं सोडली. मागचं ओझंही वळलं.

समोर पुन्हा तो पूल. पुलावर निळा-लाल दिवा फिरत होता. गस्तीची गाडी. त्याचा जीव भांड्यात पडला. आपली माणसं.

पण आपली कुठली? चौकशी संपेपर्यंत त्या रस्त्याची गस्त शेजारच्या ठाण्याकडे दिली होती. त्यालाही ठाऊक होतं ते. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

पुढे आला तो तुमच्याच वयाचा शिपाई. त्यानं आधी गाडीची चावी काढून घेतली.

''काय हो, एवढ्या रात्री कुठून?''

कानफाटे हसला.

''हसताय काय? घेतलीये का?''

''नाही... मी... मी पोलीस आहे. हवालदार.''

''असं? ओळखपत्र?''

नव्हतं.

''मोबाइल द्या. कुणाला तरी लावू, खात्री होईल.''

तोही नव्हता. आणि तोंड हसतंय. डोळ्यांतून पाणी, आणि तोंड हसतंय. शिपायाला वाटलं, एक नंबरचा तोतया आहे आणि वर आपली टिंगल करतोय. 'काय हो'चं 'काय रे' झालं.

''हसतोस?''

बसली.

कानफाटेच्या आयुष्यातली ती पहिली. कान बधिर झाला. त्यानं हात जोडले. पोटच्या पोराएवढ्या शिपायाला तो म्हणाला, ''साहेब...''

हसू वाढलं.

''साहेब, मुद्दाम नाही हो... भीती वाटतीये मला... म्हणून होतंय...''

शिपायानं मनगटावरची बाही वर केली आणि म्हणाला, ''मग रडायला शिकवतो.''

शब्द न् शब्द तेच. तो शिपाई त्या गावचा नव्हता. पुलावर काय झालं होतं, त्याच्या कानावरही नव्हतं. मी स्वतः विचारलंय त्याला. म्हणाला, ''तोंडातून कसं आलं ते माहीत नाही. मी असं कधी बोलत नाही.''

हात पडला. कानफाटे उलटा फिरला. कठडा...

मग काही वेळ नुसता तो दिवा फिरत होता. निळा. लाल. निळा.

शिपायानं मान वर केली. गस्तीच्या गाडीतल्या दुसऱ्याला विचारलं, ''मागचा कुठे गेला?''

''कोण?''

''अरे, याच्या मागे बसला होता तो पोरगा. उंच, हडकुळा. आत्ता इथे हाताची घडी घालून बघत उभा होता.''

''होता,'' दुसरा म्हणाला. ''मीपण बघितला.''

बॅटऱ्या मारल्या. कालवा. शेतं. रस्ता.

...कुणी नाही.

कानफाटे वाचला. कान गेला, चाल वाकडी झाली, पण वाचला. सोमवारी त्या मित्रानं साहेबांसमोर सगळं सांगितलं, एक शब्द न चाचरता. त्या जबाबामुळे मूग गिळून बसलेल्या आपल्या शिपायालाही तोंड उघडावं लागलं. गस्तीवरचा तो तरणा शिपाई नोकरीवरून गेला. आई-बाप त्याच्या पगारावर होते, पण कुणाला दया आली नाही, आणि का यावी? मरायला टेकेपर्यंत माणसाला मारलं होतं त्यानं.

खटला उभा राहिला तेव्हा कानफाटेला कोर्टात आणायची ड्यूटी माझी होती. पिंजऱ्यात उभा राहिला आणि हसायला लागला. साक्षी चालू, हा हसतोय. डॉक्टर पोराच्या डोक्याच्या जखमेबद्दल सांगतायत, हा हसतोय. वकिलानं त्याला चिमटा काढला. न्यायाधीश चष्म्यावरून बघत राहिले. लोक म्हणाले, केवढा निर्लज्ज माणूस, पोर मारून दात काढतोय. त्यानं घोगऱ्या आवाजात सांगायचा प्रयत्न केला, ''साहेब, भीतीनं होतंय.'' त्यावर तर मागच्या बाकावरून कुणीतरी शिवी हासडली. शिक्षा झाली ती पुरेपूर, वर एक शब्द ऐकावा लागला, की आरोपीला पश्चात्तापाचा लवलेश नाही.

पोराची आई पहिल्या बाकावर बसायची. रोज. डोळ्याला पदर नाही, डोळ्यांत पाणी नाही, नुसती बघत बसायची. निकालानंतर बाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन थांबली. म्हणाली, ''घाबरलाय तो. खोटं नाही हसत. माझा अस्साच हसायचा.''

मी म्हटलं, ''ताई, मग आत जाऊन सांगू या का साहेबांना?''

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ''माझ्या पोराबद्दल सांगितलं होतं ना एकानं. हात जोडून सांगितलं होतं.''

आणि जिना उतरून गेली. मीही आत गेलो नाही.

अजून तुरुंगात आहे तो. पहारेकरी बदलला, कडी वाजली, कुणी मोठ्यानं बोललं, की हसतो. आणि हसला की कुणाला ना कुणाला तरी तो अपमान वाटतो. मग काय होत असेल, ते तुम्हाला माहीत आहे.

राहिली ती त्याची गाडी. त्या रात्री जप्त झाली, हद्द आपली म्हणून इकडे आणली, ती इथेच मागच्या आवारात भिंतीकडेला उभी आहे. बायको न्यायला आली नाही, लिलावात कुणी बोली लावली नाही. टाकी गंजली. चाकं मातीत रुतली. हँडलवर बोटभर धूळ आहे, पुढच्या सीटवर कावळ्यांनी घाण करून ठेवलीये. मागची सीट मात्र लख्ख. कुणी पुसत नाही, मी सगळ्यांना विचारून झालंय. आता थंडीत पहाटे बघा, आवारातल्या झाडून सगळ्या गाड्यांवर दव असतं. तिच्या मागच्या सीटवर नसतं.

मागच्या आठवड्यात पहाटे फेरी मारताना न राहवून मी हात लावला तिला.

...गरम होती.